गोल्फची मोटर-ट्रॉली: चढ नंतर, आधी उतार

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या बहुतेक क्लबांत कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस) मिळत नाही, पण चालत खेळायची रीत मात्र पक्की आहे. त्यामुळे बॅगेचे ओझे ज्याचे त्याने सांभाळायचे. नियमाने १४ क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, चालतात. त्यात चेंडू, पाणी, छत्री आणि रेनकोट आले की बॅग १२ ते १५ किलोंवर जाते. चेंडूमागची वेडीवाकडी चाल धरून १८ होलांची, म्हणजे मैदानाच्या १८ टप्प्यांची, फेरी ८ ते १० किलोमीटरची होते. १९८३ साली ब्रिटनमध्ये पॉवाकॅडी ही बॅग वाहणारी मोटरची ट्रॉली आली, तेव्हापासून या कामाला मोटर लावण्याचा धंदा तिथे चांगलाच रुजला आहे.

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: चढ चढेल ना? चढेल. आज मिळणाऱ्या जवळपास सगळ्या चांगल्या ट्रॉल्या मैदानावरचा नेहमीचा चढ चढतात. विचारायला हवे ते वेगळेच: उतारावर हात सोडला तर ही काय करेल? या एका प्रश्नाच्या उत्तरावर ट्रॉलीचा प्रकार, किंमत आणि तुमच्या मनगटांचे हाल असे सगळे ठरते.

आधी थोडा हिशेब करू. ट्रॉली १० किलो, लिथियम बॅटरी २ किलो, बॅग १४ किलो, म्हणजे एकूण २६ किलो. बारीक कापलेल्या, कोरड्या गवतावर एवढे वजन सपाटीला ओढायला साधारण २० न्यूटन बल लागते. हा आकडा स्वतः मोजता येतो. विमानप्रवासाआधी बॅग तोलायला वापरतात तो हातकाटा ट्रॉलीच्या पुढच्या भागाला अडकवा, चाके मोकळी फिरतील अशी लावा आणि एकसारख्या चालीने ओढा. काटा २ किलोंच्या आसपास दाखवेल. १ किलो म्हणजे जवळपास १० न्यूटन. ओल्या, वाढलेल्या गवतात तोच काटा ३ किलोंवर जातो, सिमेंटच्या वाटेवर अर्ध्या किलोपर्यंत खाली येतो.

आता चढ घ्या. दहा मीटर चालताना एक मीटर वर नेणारा चढ असेल तर २० न्यूटनमध्ये आणखी २५ मिळवायचे. पाचास एक असा खडा चढ असेल तर ५०. म्हणजे सपाटीला २० लागत होते तिथे ७० न्यूटन. ताशी ५ किलोमीटरच्या चालीला हे सुमारे १०० वॅट होतात. मोटर, गिअर आणि तारांमध्ये निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले तर बॅटरीतून २०० वॅट ओढले जातात. सपाटीला हाच आकडा ५५-६० वॅट असतो. २०० वॅटच्या आसपासची मोटर बसवलेली दिसते ती यासाठीच. चढाचा प्रश्न तिथे मिटतो.

उतारावर गणित उलटते. दहास एक उतारावर गुरुत्वाकर्षण ट्रॉलीला २५ न्यूटनने पुढे ढकलते आणि गवत २० न्यूटनने अडवते. उरले ५. हात सोडला तरी ट्रॉली जेमतेम हलेल. पण त्याच उतारावर सिमेंटची वाट लागली की अडवणारे बल पाचावर येते आणि पुढे ढकलणारे २० न्यूटन शिल्लक राहतात. फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या कापलेल्या गवतावर, शहाण्यासारखी वागणारी ट्रॉली पुलाकडे जाणाऱ्या फरसबंद वाटेवर अचानक हाताला हिसका देते, त्याचे कारण हे. पाचास एक उतारावर तर गवतातसुद्धा ३० न्यूटन उरतात. थांबलेली ट्रॉली सुटली तर तीन सेकंदांत तिचा वेग ताशी १२ किलोमीटरवर जातो आणि तोवर ती पाचेक मीटर पुढे गेलेली असते. अशा उतारांच्या तळाशी बहुधा पाणी असते. मैदाने आखणाऱ्यांना ती जागा फार आवडते.

इथे ट्रॉलीच्या पोटात काय आहे ते पाहावे लागते. साध्या प्रकारात एकच मोटर गिअरमार्फत एक सलग आस फिरवते आणि आसाच्या दोन टोकांना चाके असतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांत ६० सेंटिमीटर अंतर असेल तर एका पूर्ण वर्तुळात हा फरक पावणेचार मीटरचा होतो. दोन्ही चाके आसाला घट्ट बांधली तर ट्रॉली वळणारच नाही, गवत खरवडत सरळ जाईल. म्हणून प्रत्येक चाकात एकदिशा क्लच असतो. सायकलच्या फ्रीव्हीलसारखाच: आस चाकाला पुढे ढकलू शकते, पण चाक आसापेक्षा जोरात फिरू लागले तर ते मोकळे सुटते. वळण सोपे होते. पण याच सोयीमुळे उतारावर मोटर चाकांना रोखू शकत नाही. मोटर बंद केली तरी चाके पुढे पळतातच, आणि सगळा भार ओढून धरणाऱ्या हातावर येतो.

दुसऱ्या प्रकारात चाके मोटरला कायम जोडलेली असतात. उतारावर चाके मोटरला फिरवू लागली की मोटर जनित्र बनते आणि तिच्यातून वीज काढून घेतली की ती चाकांना अडवते. कंट्रोलर (मोटरची वीज सांभाळणारे सर्किट) हे अडवणे कमी-जास्त करून ठरवलेला वेग राखतो. पाचास एक उतारावर चालीच्या वेगात त्याला ४० वॅटच्या आसपास जिरवायचे असतात. काम फार मोठे नाही, पण मनगटाला दर फेरीत ते करायला लावणे वाईट. अशा ट्रॉलीला ‘डाउनहिल कंट्रोल’ असलेली म्हणतात. तिची किंमत जास्त असते, वजनही थोडे वाढते. ‘उतारावर बॅटरी चार्ज होते’ अशी जाहिरात दिसली तर हसून सोडून द्यावी. संपूर्ण फेरीत एकूण ८० मीटर उतरलात तरी २६ किलोंची स्थितिज ऊर्जा ६ वॅट-तासांहून कमी भरते, आणि तिचा बराच भाग गवतच खाते.

तर निवड अशी: मैदान सपाट असेल तर क्लचची साधी ट्रॉली घ्या, पैसे वाचवा. पाठ ठणठणीत असेल तर हाताने ढकलायची तीनचाकीसुद्धा पुरते. २ किलोंचा ढकल म्हणजे काही ओझे नव्हे. मैदानावर दोन-तीन होल जरी खडे असतील, किंवा वाटा सिमेंटच्या असतील, तर रंगीत पडदा आणि जीपीएस सोडा, पण उताराचा ब्रेक सोडू नका. पार्किंग ब्रेक नसलेली ट्रॉली उतारावर नेहमी आडवी लावायची.

रिमोटच्या ट्रॉलीत प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर असते. एक हळू, दुसरी जोरात, अशी ती वळते. त्यामुळे उताराचा ब्रेक तिच्यात बहुधा आपोआप येतो. पण तिचा खरा शत्रू आडवा उतार. बाजूला कललेल्या जमिनीवर ती खालच्या अंगाला सरकत जाते. गायरोस्कोप असलेल्या ट्रॉलीत हे वळण ओळखून मोटरचे वेग दुरुस्त केले जातात. स्वस्त ट्रॉलीत ते काम तुमच्या अंगठ्याने करायचे, आणि शंभर पावलांच्या चालीत दहा वेळा बटण दाबणे म्हणजे हातात हँडल धरण्यापेक्षा जास्त कटकट. मागे चौथे छोटे चाक आहे का तेही पाहा. बॅग-ट्रॉलीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर वर आणि मागच्या आसाच्या फक्त १५ सेंटिमीटर पुढे असेल, तर १५ अंशांच्या चढावर ती मागे कलंडायच्या बेतात येते. हात धरायला नसतो, म्हणून ते चाक.

आता बॅटरी. विक्रेते अँपिअर-तास सांगतात, पण एकट्या त्या आकड्याला अर्थ नाही. त्याला व्होल्टने गुणा. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलची बॅटरी १२.८ व्होल्टची, ती १८ अँपिअर-तासांची असेल तर २३० वॅट-तास झाले. २४ किंवा २८ व्होल्टच्या ट्रॉलीत अँपिअर-तास कमी दिसतील, पण ऊर्जा तेवढीच असू शकते. खर्च किती? ९ किलोमीटर गुणिले २० न्यूटन म्हणजे ५० वॅट-तास. फेरीत ८० मीटर चढण असेल तर त्याचे आणखी ६. निम्मी ऊर्जा वाया जाते हे धरून बॅटरीतून ११० ते ११५. चढणीचा वाटा किती किरकोळ आहे ते बघा. चढ मोटरवर ताण आणतो, पण बॅटरी रिकामी करते ते गवत. ओल्या हिवाळ्यात ३० न्यूटन धरले तर खर्च १६० वर जातो. चार-पाच वर्षांत बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली तर २३० चे १८५ राहतात. तरी फेरी निघते. म्हणून ‘१८ होल’ असा शिक्का असलेली बॅटरी बहुतेकांना पुरेशी असते. ‘३६ होल’वाली घ्यावी ती रिमोट ट्रॉलीसाठी, जड बॅगेसाठी किंवा चिखलाळ मैदानासाठी.

शिशाची बॅटरी अजून मिळते, स्वस्तही असते, पण तिचे वजन दहा किलोंच्या आसपास. एकूण वजन २६ वरून ३४ किलो झाले की वरचे सगळे बल तीस टक्क्यांनी वाढतात. शिवाय ती निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली, किंवा फेरीनंतर चार दिवस तशीच ठेवली, की तिच्या पट्ट्यांवर शिसे सल्फेटचे कडक थर बसतात आणि ती लवकर मरते. लिथियमच्या खोडी वेगळ्या. ती संपत आली तरी शेवटपर्यंत जोरात चालते आणि मग आतले संरक्षक सर्किट एकदम तोडते. शिशाच्या बॅटरीसारखी हळूहळू दमत नाही. शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, कारण लिथियम धातूच्या रूपात साचून सेल कायमचा बिघडतो. ब्रिटनच्या जानेवारीत गॅरेजमध्ये चार्जर लावून झोपणे हे म्हणूनच वाईट; बॅटरी घरात आणावी. दोन महिने खेळणार नसाल तर निम्म्या चार्जवर ठेवावी. उन्हातल्या गाडीच्या डिकीत भरलेली बॅटरी ठेवणे सगळ्यात घातक.

डिकीवरून आठवले: घडी घातलेली ट्रॉली डिकीत जाते का, हे दुकानातच बघा, बॅगेसकट. चाके काढायला लागणार असतील तर ती चिखलासकट काढायची आहेत हे लक्षात ठेवा. साधी ट्रॉली बॅटरी काढून ९-१० किलो भरते, रिमोटची अनेकदा १२ ते १७. पाठीसाठी ट्रॉली घेतली आणि डिकीत टाकताना पाठ गेली, असे व्हायला नको. आधी बॅटरी काढावी, मग उचलावे.

चाके रुंद असलेली बरी, कारण मऊ जमिनीत ती कमी रुततात. हिवाळ्यात काही ब्रिटिश क्लब ट्रॉलीला ‘हेजहॉग’ चाके सक्तीची करतात: घेरावर बोटाएवढे खुंट असलेली चाके, जी गवतावर सलग पट्टा दाबत नाहीत. घ्यायच्या ट्रॉलीला ती मिळतात का, हे आधी विचारा. जीपीएस हवाच असेल तर एवढे पाहा: अंतर दाखवणे नियमात बसते, पण चढ-उतार धरून दुरुस्त केलेले अंतर स्पर्धेत चालत नाही. ती सोय बंद करता आली पाहिजे.

बिघाडांपैकी निम्मे बिघाड हे बिघाडच नसतात. मोटर गुणगुणते, आस फिरते, ट्रॉली जागची हलत नाही: चाके धुऊन परत लावताना डावे-उजवे उलट झाले, त्यामुळे एकदिशा क्लच उलटा बसला. किंवा चाक आसावरच्या बाहेरच्या खाचेत अडकले, जी बॅटरी संपल्यावर हाताने ढकलण्यासाठी असते. ट्रॉली एका बाजूला जाते: एक चाक पूर्ण आत बसलेले नाही, बॅग वाकडी बांधलेली आहे, किंवा पुढच्या चाकाचा स्क्रू फिरवून दिशा जुळवायची आहे. चढावर थांबते आणि सपाटीवर पुन्हा चालू होते: बॅटरीचा जोड बघा. पाचास एक चढावर १२ व्होल्टच्या तारांतून १५ अँपिअर वाहतात, सपाटीच्या साडेतीनपट. जोड सैल किंवा काळा पडलेला असेल तर तिथे उष्णता होते, व्होल्टेज पडते आणि कंट्रोलर काम थांबवतो. प्लास्टिक वितळलेले दिसले तर जोड बदलायचा. घासून चालवायचा नाही. आसाभोवती गुंडाळलेले गवत दर महिन्याला काढावे. दाबाच्या पाण्याने धुणे मात्र टाळावे. फवारा बेअरिंगमधले ग्रीस बाहेर काढतो आणि बारीक वाळू आत घालतो. ओले फडके पुरते.

पुण्या-मुंबईच्या मैदानांवर कॅडी असतात, त्यामुळे ही ट्रॉली इथे क्वचित दिसते. परदेशातून कुणी आणणार असेल तर आधी क्लबला विचारावे, आणि बॅटरीचा विचार तिकिटाआधी करावा. प्रवासी विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावरची नेता येत नाही. २३० वॅट-तासांची नेहमीची बॅटरी या नियमात बसत नाही. ट्रॉली आणा, बॅटरी तिथेच सोडा. १२ व्होल्टची ट्रॉली असेल तर इथे चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बांधून घेता येते. सुरू होतानाचा झटका धरून तिचे संरक्षक सर्किट सलग २५ ते ३० अँपिअर देणारे हवे. आणि तिला लिथियमचाच चार्जर लावायचा. शिशाच्या बॅटरीचा जुना चार्जर घरात पडला आहे म्हणून तो जोडायचा नाही.