ईस्पीक एनजी: टर्मिनलवरून मजकूर वाचून दाखवणारा सिंथेसायझर

ईस्पीक एनजी हा कमांड लाइनवरून चालणारा, फुकट आणि ओपन सोर्स स्पीच सिंथेसायझर आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, वाक्य टाकायचं, एंटर मारायचा, तो मोठ्याने वाचतो. लिनक्स, विंडोज, मॅक, अँड्रॉइड सगळीकडे चालतो, शंभराहून जास्त भाषा येतात आणि त्यात मराठीही आहे. पहिल्यांदा ऐकणारा हमखास म्हणतो की हा काय रोबो बोलतोय, आणि ते खोटं नाही, पण दृष्टिहीन लोक स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) तासन्‌तास हाच आवाज ऐकतात. विंडोजवरच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरसोबत तो आलेलाच असतो, लिनक्सवर ऑर्का या स्क्रीन रीडरच्या मागेही बऱ्याचदा हाच बोलत असतो.

मूळ प्रोग्रॅम जोनाथन डडिंग्टन यांचा. १९९५ मध्ये एकॉर्न कंपनीच्या, रिस्क ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्या कॉम्प्युटरसाठी त्यांनी 'स्पीक' लिहिला, २००६ मध्ये तो लिनक्सवर आणून जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली खुला केला आणि पुढे त्याचं नाव ईस्पीक झालं. २०१५ च्या शेवटी रीस डन यांनी त्यातून वेगळी शाखा काढली, तीच एनजी, आणि आज काम चालू आहे ते हिच्यावर.

आत कोणाचा रेकॉर्ड केलेला आवाज कापून-जोडून लावलेला नाही. स्वर आणि घोष व्यंजनं साइन लहरींची बेरीज करून तयार होतात, त्याला फॉर्मंट पद्धत म्हणतात, 'स'सारख्या अघोष व्यंजनांसाठी मात्र छोटे रेकॉर्ड केलेले आवाज ठेवलेत. म्हणूनच सगळ्या भाषा धरूनही अख्खा प्रोग्रॅम काही एमबीत बसतो, जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवर लगेच बोलायला लागतो, इंटरनेट लागत नाही. आणि मोठा फायदा वेगाचा आहे. माणसासारखे गोड आवाज खूप पळवले की शब्द एकमेकांत मिसळायला लागतात, याचे अक्षर न् अक्षर सुटं राहतं, सराव झालेले लोक इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्याला नुसती किरकिर वाटते.

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर आप्ट या इन्स्टॉल करायच्या कमांडने बसवता येतो. कमांड इथे देवनागरीत सांगतोय, टाइप करताना रोमन छोटी अक्षरं. नुसतं 'ईस्पीक-एनजी' आणि पुढे अवतरणात वाक्य दिलं तर तो इंग्रजी धरून चालतो आणि मराठीची वाट लावतो, म्हणून 'डॅश व्ही एमआर' (एमआर हा मराठीचा कोड) हे आधी द्यायचं. वेगासाठी डॅश एस, मिनिटाला किती शब्द हा आकडा, न दिल्यास १७५. नवीन माणसाने मराठीला १४० च्या आसपास ठेवावा, कानाला सवय झाली की वाढवता येतो. डॅश पी म्हणजे पट्टी, ० ते ९९, मधला ५०. डॅश ए म्हणजे आवाज किती मोठा. डॅश जी ने शब्दांमध्ये थोडी जागा सोडता येते, मोठं जोडाक्षरांचं वाक्य असेल तर हे फार कामाला येतं. भाषेच्या कोडला अधिक चिन्ह लावून एफ३ जोडलं की बाईचा आवाज मिळतो, म्हणजे बाईसारखा असं म्हणू, तिथे फार अपेक्षा ठेवू नये.

फाइल वाचायची असेल तर डॅश एफ आणि फाइलचं नाव, फाइल यूटीएफ-८ (युनिकोड) मध्येच सेव्ह केलेली हवी, जुन्या फॉन्टमधलं टायपिंग असेल तर त्यातून काही अर्थाचं निघत नाही. ऐकायच्या ऐवजी साठवायचं असेल तर डॅश डब्ल्यू, त्याने वेव्ह फाइल तयार होते, २२,०५० हर्ट्झ, मोनो, १६ बिट, म्हणजे मिनिटाला साधारण अडीच एमबीच्या वर जाते, त्यामुळे मोबाइलवर पाठवायची असेल तर एफएफएमपेग या फाइल बदलणाऱ्या प्रोग्रॅमने एमपी३ करून घ्यावी. काहीच वाक्य दिलं नाही तर प्रोग्रॅम गप्प बसून राहतो, लोकांना वाटतं अडकला, पण तो टायपिंगची वाट बघत असतो, ओळ लिहून एंटर मारला की वाचतो. याच कारणाने दुसऱ्या कमांडचं आउटपुट पाइपने (मधल्या उभ्या रेघेच्या चिन्हाने) थेट याच्यात सोडता येतं, मोठं काम संपलं की 'झालं' असं बोलणारी स्क्रिप्ट दोन ओळींची होते.

आता मराठीचं. आपली लिपी उच्चारासारखी लिहिली जाते असं आपण म्हणतो, सिंथेसायझरला विचारा. 'बसला' मधला स हलका, म्हणजे त्यातला 'अ' न उच्चारलेला आहे हे कुठे लिहिलेलं नसतं, नियमाने काढावं लागतं. 'चार' आणि 'चारा' यात च वेगळा, 'चमचा' मधला शेवटचा च 'चमचे' मध्ये बदलतो. ए-ई-य पुढे आला तर तालव्य, म्हणजे 'चमचे' मधल्यासारखा च, एवढा नियम घालता येतो, पण पुढे 'अ' किंवा 'आ' असेल तर शब्द माहीत असल्याशिवाय सुटत नाही. 'जरा थांब' मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा, दोन्हींचं स्पेलिंग एकच, तिथे मशीन काय करणार. आकड्यांचंही तसंच, एकोणसाठ, त्रेसष्ठ, एक्याऐंशी असे शंभरपर्यंतचे शब्द एकेक करून लिहून ठेवावे लागतात, इंग्रजीसारखं दशक आणि एकक जोडून चालत नाही. हिंदीचा आवाज लावून मराठी वाचून घेणारेही असतात, त्यात 'ज्ञ'चा 'ग्य' होतो आणि ज्ञानेश्वर ग्यानेश्वर होतात, तर तो शॉर्टकट टाळलेला बरा.

चूक सापडली तर ती दुरुस्त करता येते, हा याचा खरा गुण. डॅश क्यू आणि डॅश एक्स दिलं की आवाज बंद राहतो आणि त्याने शब्दाचे कोणते ध्वनी धरलेत ते स्क्रीनवर दिसतात, मोठ्या लिपीतला एक्स दिला तर कोणत्या नियमामुळे तसं झालं तेही दिसतं. मराठीचे नियम एका फाइलमध्ये आणि अपवादाचे शब्द दुसऱ्या यादीत असतात, साध्या टेक्स्ट फाइली आहेत. यादीत शब्द, त्यापुढे ध्वनी लिहायचे आणि 'कंपाइल' ऑप्शन चालवायचा, पुढच्या वेळी आडनाव किंवा गावाचं नाव नीट ऐकू येतं. आपले खास शब्द वेगळ्या 'एक्स्ट्रा' फाइलमध्ये ठेवले तर मूळ यादीला हात लावावा लागत नाही.

कमांड लाइनवर दुसरे पर्याय आहेत. मॅकवर 'से' नावाची कमांड आधीच असते, कार्नेगी मेलनचा फ्लाइट आहे, आणि न्यूरल (एआय) पद्धतीचा पायपर खूपच माणसासारखा बोलतो. गंमत अशी की पायपरसुद्धा मजकुराचे ध्वनी काढायला ईस्पीक एनजीच वापरतो, त्यामुळे इथल्या यादीत एखादा उच्चार चुकला असेल तर तो तिकडच्या गोड आवाजातही तसाच चुकीचा ऐकू येऊ शकतो.