लोलोमा, चार्ल्स

(७ जानेवारी १९२१ – ९ जून १९९१). अमेरिकेतील होपी या आदिवासी जमातीचे श्रेष्ठ दागिने कारागीर. ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागात सपाट माथ्याच्या तीन डोंगरांवर होपींची गावे आहेत. त्यांतल्या तिसऱ्या डोंगरावरच्या हॉटविला गावी त्यांचा जन्म झाला. आधी चित्रकला, मग दुसऱ्या महायुद्धात लष्करी नोकरी, परतल्यावर माजी सैनिकांच्या सवलतीतून न्यूयॉर्क राज्यात कुंभारकामाचे शिक्षण. दागिन्यांकडे ते १९५० च्या दशकात वळले.

त्या वेळी होपी चांदीकाम म्हणजे ‘ओव्हरले’ असे समीकरणच झाले होते. १९४७ मध्ये फ्रेड काबोती आणि पॉल सॉफकी यांनी माजी सैनिकांच्या वर्गात ते शिकवले. चांदीच्या एका पत्र्यात बारीक करवतीने नक्षी कापायची, तो पत्रा दुसऱ्या सलग पत्र्यावर झाळून बसवायचा आणि खोलगट भाग काळा करायचा. काम अतिशय देखणे. पण लोलोमांना रंग हवा होता.

ते टफा या मऊ ज्वालामुखी दगडात साचा कोरून त्यात चांदी किंवा सोने ओतत. दगडाचा खरबरीतपणा धातूवर उतरे आणि ते तो घासून काढत नसत. त्यावर पिरोजा, पोवळे, लाजवर्द हा निळा दगड, हस्तिदंत, लाकूड यांच्या पट्ट्या उंचसखल उभ्या बसवत. असे कडे आडवे धरले, की तुटलेल्या डोंगरकड्यांची रांग समोर आल्यासारखी वाटते. गॅलप या गावी भरणाऱ्या आदिवासी कलांच्या मेळ्यात मात्र सुरुवातीला हे काम ‘इंडियन’, म्हणजे अमेरिकी आदिवासी वळणाचे, वाटत नाही म्हणून नाकारले गेले. हा निकाल चुकीचाच होता: रंग आणि आकार गावच्या मातीतलेच होते.

त्यांच्या कामातली सर्वांत हृद्य गोष्ट वरून दिसतच नाही. कित्येक अंगठ्यांच्या आणि कड्यांच्या आतल्या बाजूला, थेट कातडीला टेकणारे रंगीत खडे त्यांनी जडवले. बाहेरून साधी वाटणारी अंगठी बोटातून काढली, की आत पिरोजा झळकतो. तो तिथे आहे हे घालणाऱ्यालाच ठाऊक.

सँटा फे येथील आदिवासी कलासंस्थेत काही वर्षे शिकवून ते हॉटविलाला परतले आणि तिथेच काम करत राहिले. १९८६ मधील मोटार अपघाताने त्यांचा हात थांबला. त्यांच्याजवळ घडलेली भाची व्हर्मा नेक्वाटेवा ‘सोनवाई’ या नावाने दागिने घडवू लागली. होपी भाषेत ‘लोलोमा’ आणि ‘सोनवाई’ या दोन्ही शब्दांचा अर्थ सुंदर असाच आहे.