कॉन्स्टंटीन की कॉन्स्टंटाइन? तेरा भागांत संपलेल्या मालिकेवरच्या मतभेदांची पार्श्वभूमी

२५ ऑक्टोबर २०१४, शनिवार, भाऊबीज. सोलापुरात सकाळचे साडेसात वाजत होते, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शुक्रवारची रात्र होती. दहाच्या ठोक्याला एनबीसी वाहिनीवर ‘कॉन्स्टंटीन’चा, म्हणजे राक्षसांशी झुंजणाऱ्या जॉन कॉन्स्टंटीन या मांत्रिकाच्या मालिकेचा, पहिला भाग सुरू झाला. १३ फेब्रुवारी २०१५ ला तेरावा भाग दाखवला गेला आणि मालिका तिथेच थांबली. ती पाहिलेली माणसं आजही भेटली की वाद घालतात. एकाला ती अर्धवट मोडलेली उत्तम मालिका वाटते, दुसऱ्याला कॉमिक्सची पातळ केलेली आवृत्ती, तिसऱ्याला ‘सुपरनॅचरल’ या आधीच्या मालिकेची नक्कल. तिघांच्या मनात या नावाचा माणूसच वेगवेगळा आहे, हे त्या वादाचं मूळ.

नावापासूनच सुरुवात होते. इंग्रजीत स्पेलिंग एकच असल्यामुळे तिथे वाद झाकला जातो. देवनागरीत लिहिताना मात्र ठरवावंच लागतं. मूळ कॉमिक्समध्ये उच्चार ‘कॉन्स्टंटाइन’. चित्रपटाने आणि मालिकेने तो ‘कॉन्स्टंटीन’ केला. कुणी शेवटी ‘टाइन’ म्हटलं की समजावं, हा वाचक आहे आणि मालिकेवर याची तक्रार असणार.

जॉन कॉन्स्टंटाइन पहिल्यांदा पूर्णपणे दिसला तो जून १९८५ च्या ‘स्वॅम्प थिंग’ अंक ३७ मध्ये. लेखक अ‍ॅलन मूर. स्टीव्ह बिसेट आणि जॉन टोटलबेन या चित्रकारांना गायक स्टिंगसारखा दिसणारा माणूस काढायचा होता, म्हणून सोनेरी केस आणि तो चेहरा. जानेवारी १९८८ ला ‘हेलब्लेझर’ हे त्याचं स्वतंत्र कॉमिक निघालं, लेखक जेमी डेलानो, चित्रकार जॉन रिजवे. २०१३ पर्यंत त्याचे ३०० अंक निघाले. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नायकाचं वय खऱ्या वर्षांबरोबर वाढत होतं. १९५३ मध्ये लिव्हरपूलला जन्मलेला हा माणूस शेवटच्या अंकांत साठीला टेकला होता. आपल्याकडे इंद्रजालमधून वेताळ आणि मॅन्ड्रेक वाचत वाढलेल्यांना हे समजायला थोडा वेळ लागतो, कारण ते नायक कधी म्हातारेच झाले नाहीत.

दुसरी अडचण त्याच्या स्वभावाची. मराठी भयकथेचा वाचक नारायण धारपांच्या समर्थांवर पोसलेला असतो. मांत्रिक म्हणजे साधना, संयम आणि शरण आलेल्याचं रक्षण. कॉन्स्टंटाइनकडे साधना नाही. पाठांतर, थापा आणि समोरच्याचा लोभ ओळखण्याची नजर, एवढ्यावर त्याचं चालतं. त्याची किंमत मात्र त्याच्या मित्रांना मोजावी लागते. न्यूकॅसलच्या एका क्लबमध्ये तरुणपणी त्याने एका राक्षसावर दुसरा राक्षस सोडला. दुसऱ्यावर ताबा राहिला नाही आणि अ‍ॅस्ट्रा नावाची लहान मुलगी नरकात ओढली गेली. पुढच्या सगळ्या कथा याच अपराधाच्या सावलीत घडतात.

२००५ चा चित्रपट हा दुसरा कॉन्स्टंटीन. केआनू रीव्ह्ज, काळे केस, लिव्हरपूलऐवजी लॉस एंजेलिस. वाचकांनी नाकं मुरडली, पण भारतात बहुतेकांची ओळख त्याच्यापासूनच झाली. त्यामुळे २०१४ मध्ये सोनेरी केसांचा, सैल टायचा, ब्रिटिश उच्चारांचा मॅट रायन समोर आला तेव्हा कित्येकांना तोच परका वाटला. खरं तर कॉमिक्सच्या पानाशी सर्वांत जास्त जुळणारा तोच होता. रायन वेल्सचा. पहिल्या फटक्यात त्याचे संवाद कानावर चढत नाहीत. सोपा उपाय म्हणजे पहिले दोन भाग इंग्रजी सबटायटल लावून बघावेत, तिसऱ्यापासून ती लागत नाहीत.

‘सुपरनॅचरल’ची नक्कल हे मत तर सरळ चुकीचं आहे. ती मालिका सप्टेंबर २००५ ची. तिच्यातल्या कॅस्टिएल या देवदूताचा ओव्हरकोट आणि सैल टाय कॉन्स्टंटाइनवरूनच घेतलेला आहे. २०१४ ला प्रेक्षकाला आधी उसनं पाहायला मिळालं आणि मग मूळ, म्हणून क्रम उलटा वाटला.

आता मालिकेच्या स्वतःच्या चुका. डेव्हिड गोयर आणि डॅनियल सेरोन यांनी ती उभी केली, पायलटचं, म्हणजे पहिल्या भागाचं, दिग्दर्शन नील मार्शलचं. त्या पायलटमध्ये लिव्ह नावाची तरुणी मुख्य सोबतीण होती. जुलै २०१४ मध्ये पायलटची प्रत फुटली आणि ती कित्येकांनी तशीच पाहिली. दरम्यान निर्मात्यांनी लिव्हला काढायचं ठरवलं आणि शेवट बदलून तिथे चित्रं काढणारी झेड आणली. परिणाम असा की पहिल्या भागात जिच्या बापाची, वारशाची, शक्तीची सविस्तर ओळख करून दिली जाते, ती दुसऱ्या भागात नाहीच. तिने रक्ताचे थेंब पाडलेला नकाशा तेवढा उरतो आणि पुढच्या मोहिमा त्यावरून निघतात. अनेक प्रेक्षक इथेच गळाले. नव्याने पाहणाऱ्याने पायलट म्हणजे फक्त प्रस्तावना समजावी.

सिगारेट हा वरवर किरकोळ, पण मुळाशी जाणारा वाद. कॉमिक्समधला कॉन्स्टंटाइन सतत सिल्क कट ओढतो. १९९१ मध्ये गार्थ एनिसने अंक ४१ ते ४६ मध्ये त्याला फुप्फुसाचा कर्करोग दिला. वाचण्यासाठी तो नरकाच्या तीन अधिपतींना एकमेकांच्या नकळत आपला आत्मा विकतो. तो मेला तर तिघांत युद्ध पेटणार, म्हणून झक मारत त्यांनाच त्याला बरं करावं लागतं. सिगारेट नसेल तर ही कथाच उभी राहत नाही. वाहिनीने मात्र धूम्रपान दाखवण्यावर बंधनं घातली. सुरुवातीला तो लायटरशी खेळताना किंवा विझत आलेलं थोटूक चिरडताना दिसतो, तेवढंच. आपल्याकडे ऑक्टोबर २०१२ पासून अशा दृश्याखाली इशारा लिहून दृश्य ठेवता येतं, तिथे दृश्यच आखडतं घेतलं. ज्या सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत विड्या वळल्या जातात, तिथल्या प्रेक्षकाला तंबाखू आणि छाती यांचं नातं समजावून सांगावं लागत नाही. त्याला ही कथा थेट भिडली असती.

मालिका सावरली ती चौथ्या भागात, १४ नोव्हेंबरला. हा भाग ‘हेलब्लेझर’च्या पहिल्या दोन अंकांवर आहे. गॅरी लेस्टर हा व्यसनी जुना मित्र भुकेचा राक्षस मोकळा सोडून बसतो, आणि त्याला कोंडायला जिवंत माणसाचंच शरीर लागतं. कॉमिक्समध्ये गॅरीला फसवून बांधतात. मालिकेत त्याला डाव उमगतो आणि तो स्वतः तयार होतो. धार थोडी बोथट झाली, हे मान्य. तरीही शेवटच्या दृश्यात तळमळणाऱ्या गॅरीपाशी कॉन्स्टंटीन रात्र काढायला बसतो आणि मॅनी हा देवदूत एक शब्दही न बोलता शेजारी येऊन बसतो. मित्राला मारूनही त्याची साथ न सोडणारा माणूस टीव्हीवर इतक्या नेमकेपणाने क्वचितच दिसला असेल. ज्यांनी पहिले तीन भाग पाहून मत बनवलं, त्यांनी खरी मालिका पाहिलीच नाही.

पण निर्णय जवळजवळ तिथेच झाला. पाच भाग दाखवून झाल्यावर, नोव्हेंबर सरण्याआधीच, वाहिनीने तेराच्या पुढे भाग मागवणार नसल्याचं कळवलं. तेव्हा अमेरिकेतल्या नेटवर्क वाहिनीवर सहसा आधी १३ भागांची मागणी जायची आणि जमलं तर आणखी ९ जोडून २२ करायचे. ते नऊ आले नाहीत की पुढचं ओळखायचं. पहिला भाग सुमारे ४३ लाख लोकांनी पाहिला होता. पण जाहिरातीचा दर तेव्हा ठरायचा तो १८ ते ४९ वयाच्या प्रेक्षकावर, आणि हा प्रेक्षक शुक्रवारी रात्री दहाला घरात नसतो. शिवाय मालिका वॉर्नर ब्रदर्सची होती, एनबीसीच्या स्वतःच्या स्टुडिओची नव्हती. तोटा सोसून ती वाढवण्यात वाहिनीला पुढे मिळणारं फारसं काही नव्हतं.

वर १२ डिसेंबरचा आठवा भाग नायकाला गोळी लागल्यावर तोडला आणि पुढचा दाखवला १६ जानेवारीला, तोही रात्री आठच्या नव्या वेळेत. सोलापुरात ती १७ जानेवारीची पहाट, साडेसहाची वेळ, होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे दिवस. पाच आठवड्यांची फट आणि बदललेली वेळ यांत उरलेला प्रेक्षकही पांगला. खेद याचा, की नंतरचे भाग अधिक बांधेसूद आहेत. दहाव्या भागात कॉन्स्टंटीनचा जुना मित्र चॅस पुन्हा पुन्हा मरून कसा उठतो याचं उत्तर मिळतं. दारूच्या नशेत कॉन्स्टंटीनने घातलेलं संरक्षण आणि क्लबच्या आगीत मेलेले ४७ जण, त्यांचे जीव याच्या वाट्याला आलेले.

मे २०१५ मध्ये मालिका अधिकृतपणे रद्द झाली. दुसरी वाहिनी शोधायची धडपड झाली, चाहत्यांनी मोहीम चालवली, पण जूनमध्ये कलाकार आणि लेखक करारातून मोकळे केले गेले. ४ नोव्हेंबर २०१५ ला ‘अ‍ॅरो’ मालिकेच्या चौथ्या सीझनच्या पाचव्या भागात रायन तोच कोट घालून परतला. मग अ‍ॅनिमेशनपटांत आवाज दिला, आणि पुढे ‘लेजेंड्स ऑफ टुमॉरो’मध्ये २०२१ पर्यंत कॉन्स्टंटीन तोच राहिला. न्यूकॅसलची अ‍ॅस्ट्रा तिथे मोठी होऊन परत आली आणि नरकातून सुटलीही. तेराव्या भागाच्या शेवटच्या मिनिटात मात्र मॅनी उघड करतो की ब्रुहेरिया, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध सगळी लढाई चालली होती ते, त्याच्याच सांगण्यावरून वागत होते. त्याने असं का केलं, याचं उत्तर नंतरच्या कोणत्याच मालिकेत आलं नाही.