प्रारणित छातीवरील स्तनरोपण

स्तनाच्या कर्करोगात संपूर्ण स्तन काढल्यावर सिलिकोन रोपणाने (इम्प्लांटने) त्याचा आकार पुन्हा घडवणे आणि त्याच छातीला प्रारण चिकित्सा (रेडिओथेरपी) देणे, या दोहोंचा मेळ घालण्याची पद्धती. सिलिकोन रोपण १९६२ मध्ये अमेरिकेत क्रोनिन व गेरो यांनी प्रथम वापरले. त्वचा ताणण्यासाठी तात्पुरती बसवायची, द्रावाने फुगवता येणारी पिशवी म्हणजे विस्तारक (एक्स्पांडर). तो रादोवान यांनी साधारणतः १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ केला. काखेतील लसीका ग्रंथींत रोग पसरलेल्या स्त्रियांना स्तनच्छेदनानंतर प्रारण दिल्यास आयुर्मान वाढते, असे डेन्मार्क व कॅनडातील १९९७ च्या चाचण्यांनी दाखवल्यावर रोपण व प्रारण यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न वरचेवर उद्भवू लागला.

कोणत्याही रोपणाभोवती शरीर तंतुमय संपुट (आवरण) तयार करते. प्रारणाने तंतुजनक पेशी चेतवल्या जाऊन कोलॅजन वाढते, केशवाहिन्या विरळ होतात आणि संपुट आवळत जाते. रोपण गोल, कठीण होऊन वर सरकते. हा संपुटसंकोच बेकर श्रेणीने मोजतात : १ मऊ; २ हाताला किंचित घट्ट; ३ घट्ट व दिसण्यात विकृत; ४ यांशिवाय वेदनायुक्त. श्रेणी ३ व ४ मध्ये बहुधा शस्त्रक्रिया लागते. संकोच महिन्यांत नव्हे, तर वर्षांनुवर्षे वाढतो. म्हणून अल्पकालीन निष्कर्ष जपून वाचावेत.

प्रारण विस्तारकावर द्यावे की कायम रोपणावर, याविषयी मतभेद आहेत. एका क्रमात रसायनोपचार (केमोथेरपी) चालू असतानाच विस्तारक लवणद्रावाने टप्प्याटप्प्याने भरतात, रसायनोपचारानंतर सुमारे ४ आठवड्यांनी कायम रोपण बसवतात व आणखी सुमारे ४ आठवड्यांनी प्रारण सुरू करतात. दुसऱ्या क्रमात विस्तारकावरच प्रारण देऊन सुमारे ६ महिन्यांनी अदलाबदल करतात, म्हणजे विस्तारक काढून कायम रोपण बसवतात. पहिल्यात रोपण गमावण्याचे प्रमाण कमी, पण संकोच अधिक. दुसऱ्यात जंतुसंसर्ग व जखम उघडणे अधिक, मात्र अदलाबदलीच्या वेळी ताठर संपुटाला छेद देऊन ते सैल करता येते. रसायनोपचारानंतर प्रारणापूर्वी पुरेसा अवधी असेल, तर पहिला क्रम सरस वाटतो. प्रारण घाईचे असल्यास तो शक्यच नसतो. रोपणाच्या सोयीसाठी प्रारण लांबवणे मात्र समर्थनीय नाही.

प्रारणाची मात्रा सामान्यतः ५० ग्रे (शोषित प्रारणाचे एकक), २५ भागांत (बैठकांत). किंवा ४० ग्रे, १५ भागांत. नियोजनाच्या सीटी स्कॅनपासून अखेरच्या भागापर्यंत विस्तारकातील द्राव बदलू नये. आकार बदलला की आखलेले क्षेत्र चुकते. विस्तारकाच्या झडपेतील धातूचे चुंबक स्कॅनवर रेषा उमटवते व किरण काही अंशी अडवते. त्याची घनता नियोजनात हाताने दुरुस्त करावी लागते. दुसऱ्या बाजूचा फुगलेला विस्तारक तिरक्या किरणांच्या वाटेत येत असेल, तर तो आधीच काही प्रमाणात रिकामा करतात. रोपण छातीच्या स्नायूखाली असता लक्ष्य मुख्यतः त्वचा व स्नायू यांमधील ऊतक असते, रोपण नव्हे. त्वचेवर बोलस (ऊतकासारख्या पदार्थाचा थर) ठेवल्याने पृष्ठमात्रा वाढते. त्वचेत रोग नसता तो सरसकट वापरणे टाळतात.

धूम्रपान, स्थूलता व मधुमेह यांनी धोका वाढतो. लाली व स्राव दिसताच प्रतिजैविके देतात. रोपण उघडे पडल्यास ते बहुधा काढावेच लागते. आधीच प्रारणित त्वचेखाली नव्याने विस्तारक घालू नये, कारण ती ताणली जात नाही. तेथे पाठीच्या किंवा पोटाच्या ऊतकाचा पट्टा (फ्लॅप) वापरतात. चरबीरोपणाने त्वचा मऊ होते, असे अनेक शल्यचिकित्सक नोंदवतात.