अरल समुद्राचा जमाखर्च

१९६० साली अरल समुद्र हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर. कझाकस्तान आणि उझबेकिस्तानमधल्या या सरोवरात पाणी यायला अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्या होत्या, बाहेर पडायला मात्र वाटच नव्हती. पाणी जायचं ते फक्त वाफ होऊन, वर्षाला जवळजवळ एक मीटरचा थर. ही तूट नद्या भरून काढत, म्हणून पातळी टिकून होती.

सोव्हिएत नियोजनकारांनी कापसासाठी या नद्यांचं पाणी वळवलं. काराकुम कालव्याचं काम १९५४मध्ये सुरू झालं. तो वाळवंटातून खोदलेला, बराचसा अस्तर नसलेला, त्यामुळे शेतात पोहोचण्याआधीच कितीतरी पाणी वाळूत जिरायचं. जमा आटली, खर्च तसाच राहिला. सरोवर आटणार हे तेव्हाच कळत होतं, आणि कापूस जास्त मोलाचा ठरवला गेला. मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते हेच.

पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पूर्वी अरलच्या लिटरभर पाण्यात साधारण १० ग्रॅम क्षार असत. दक्षिण भागात पुढे ते प्रमाण १०० ग्रॅमच्याही वर गेलं. गोड्या पाण्यातले मासे आधी अंडी घालेनासे झाले, मग संपलेच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मासेमारी बंद पडली. मुयनाक बंदरातला मासळी डबाबंद करणारा कारखाना चालू ठेवायला दूरच्या समुद्रांतून गोठवलेली मासळी आणावी लागली. उघड्या पडलेल्या तळावरून मीठ आणि शेतातून वाहून आलेली कीटकनाशकं वाऱ्याबरोबर गावांत पोहोचू लागली. उन्हाळे जास्त तापू लागले, हिवाळे जास्त बोचरे झाले.

१९८७च्या सुमारास सरोवराचे दोन तुकडे झाले. उत्तरेकडच्या लहान तुकड्यात सीर दर्या येते. तिचं पाणी दक्षिणेकडे वाहून जाऊ नये म्हणून स्थानिकांनी १९९२मध्ये वाळूचा बांध घातला. तो पुन्हापुन्हा फुटायचा. १९९९च्या वादळात पुरता वाहून गेला. मग जागतिक बँकेच्या मदतीने पक्कं कोकाराल धरण बांधलं, ते २००५मध्ये पुरं झालं. पातळी अपेक्षेपेक्षा खूप लवकर चढली, क्षारता उतरली, मासे परतले, होड्याही पुन्हा पाण्यात गेल्या.

दक्षिणेला असा उपाय सोपा नाही. तिथला पूर्वेकडचा भाग उथळ आणि पसरट, त्यामुळे येईल ते थोडं पाणी भराभर उडून जातं. २०१४मध्ये तो पूर्ण कोरडा पडला. अमू दर्याचं बहुतेक पाणी आजही शेतांत खर्च होतं. उझबेकिस्तान कोरड्या तळावर साक्सौल नावाची वाळवंटी झुडपं लावतं आहे. त्याने सरोवर परत येणार नाही, पण मिठाची धूळ थोडी तरी जागेवर धरून राहील.