चॉसरच्या काव्याचा अन्वयार्थ

चॉसरच्या काव्याचा अन्वयार्थ : जेफ्री चॉसर (सु. १३४३–१४००) या मध्ययुगीन इंग्रजी कवीच्या रचनांच्या, विशेषतः कँटरबरीच्या यात्रेला निघालेल्या यात्रेकरूंनी वाटेत सांगितलेल्या कथांचे काव्य असलेल्या ‘द कँटरबरी टेल्स’च्या अर्थाविषयी चालत आलेली विद्वच्चर्चा. या चर्चेतले बहुतेक वाद फिरून एकाच प्रश्नावर येतात : हे बोलतंय कोण? चॉसर स्वतः, त्याने उभा केलेला भाबडा निवेदक, की कथा सांगणारे पात्र? चॉसरने या प्रश्नाचे उत्तर मुद्दामच टाळले असावे, असे त्याचे काव्य वाचताना पदोपदी वाटते.

चॉसर हा लंडनच्या एका मद्यव्यापाऱ्याचा मुलगा. राजसेवेत वाढला, लढाईवर गेला, फ्रेंचांच्या हाती सापडला व खंडणी भरून सुटला. राजकाजासाठी दोनदा इटलीत गेला (१३७२–७३, १३७८), १३७४ पासून लंडन बंदरात लोकरीच्या जकातीवर नियंत्रक होता आणि १३८६ मध्ये केंट परगण्यातून पार्लमेंटवर निवडून गेला. त्याच्या आयुष्याविषयी जवळपास पाचशे दप्तरी नोंदी सापडल्या आहेत, पण त्यांपैकी एकीतही तो कवी असल्याचा उल्लेख नाही. त्यामुळे चरित्रावरून काव्य उलगडू पाहणाऱ्यांच्या हाती पगार, पेन्शन आणि मद्याची सनद यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

संहिता आणि छंद : अर्थाच्या आधी पाठाचा प्रश्न येतो. चॉसरच्या स्वहस्ताक्षरातली एकही ओळ उरलेली नाही. ‘टेल्स’ची ऐंशीहून अधिक हस्तलिखिते आहेत आणि त्यांत कथांचा क्रम एक नाही. साउथवर्कच्या टॅबर्ड खाणावळीतून निघालेल्या प्रत्येक यात्रेकरूने जाताना दोन व येताना दोन कथा सांगायच्या, असे आरंभी ठरते. प्रत्यक्षात आहेत चोवीस, त्याही काही अर्ध्यावर तुटलेल्या, आणि सगळे काव्य सुट्या तुकड्यांत. इंग्लंडमधला पहिला मुद्रक कॅक्स्टन याने १४७६–७७ च्या सुमारास ते छापले, पण तोपर्यंत भाषा पालटली होती. शब्दान्तीचा ‘ए’ मूक झाला होता. पहिल्या दोन ओळींच्या शेवटी यमकात येणारे ‘सोते’ (गोड) आणि ‘रोते’ (मूळ) हे शब्द चॉसर दोन अक्षरांचे म्हणत असे. नंतरच्या वाचकांनी ते एका अक्षरात उरकले आणि ओळ लंगडी झाली. १७०० मध्ये कवी ड्रायडनने चॉसरला इंग्रजी काव्याचा जनक म्हटले खरे, पण त्याचा छंद ओबडधोबड आहे असा शेराही मारला. टिरिटच्या १७७५–७८ च्या आवृत्तीने हा ‘ए’ परत उच्चारात आणला आणि छंद ठाकठीक असल्याचे दिसले. दोष कवीचा नव्हता, वाचणाऱ्यांच्या कानांचा होता.

शिकागोच्या मॅन्ली व रिकर्ट यांनी सर्व हस्तलिखिते पडताळून १९४० मध्ये आठ खंडांत पाठभेदांची नोंद केली. तरीही वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील हेंगवर्ट आणि कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयातील एल्समिअर या दोन प्रतींपैकी प्रमाण कोणती, हा तंटा मिटला नाही. दोन्ही एकाच लेखनिकाच्या हातच्या मानल्या जातात, आणि तरी क्रम वेगळा.

हा तंटा वाटतो तितका रुक्ष नाही. हार्वर्डच्या किट्रेजने १९१२ मध्ये ‘विवाहविषयक कथांचा गट’ ही कल्पना मांडली : बाथ गावची बाई नवऱ्यावर बायकोची सत्ता हवी असे म्हणते, ऑक्सफर्डचा विद्यार्थी सोशिक ग्रिझेल्डाची कथा सांगून तिला चिमटा काढतो, मग व्यापारी कडवट सूर लावतो आणि शेवटी फ्रँकलिन, म्हणजे जमीनदार, समेट घडवतो. वाचायला ही मांडणी फार सुरेख आहे. पण ती एल्समिअरच्या क्रमावर उभी आहे. हेंगवर्टमध्ये विद्यार्थ्याची कथा फ्रँकलिनच्या नंतर येते, आणि समेट झाल्यावर भांडण सुरू होते! किट्रेजने कथांना पात्रांचे नाट्यपूर्ण संवाद मानले, ही त्याची खरी देणगी. गट टिकला नाही तरी ती टिकली.

निवेदकाचा मुखवटा : येल विद्यापीठातील ई. टॅल्बट डोनल्डसन याने १९५४ च्या निबंधात यात्रेत सामील असलेला ‘चॉसर’ आणि कवी चॉसर यांना वेगळे केले. प्रस्तावनेतला मठवासी साधू पाहावा. त्याच्या बाह्यांना उंची फर लावलेली, घोड्याच्या लगामाच्या घुंगरांचा नाद प्रार्थनाघराच्या घंटेसारखा. शिकार करणारे पवित्र नसतात, या वचनाला तो पिसे उपटलेल्या कोंबडीइतकीही किंमत देत नाही. त्यावर निवेदक म्हणतो, ‘मीही म्हटलं, त्याचं मत रास्त आहे.’ मठात पुस्तके वाचून डोके कशाला फिरवून घ्यायचे? डोनल्डसनच्या मते हा माणूस मोठ्यांच्या रुबाबाने दिपणारा भोळा आहे, आणि कवी त्याच्या पाठीमागे उभा राहून हसतो आहे.

प्रिन्स्टनच्या डी. डब्ल्यू. रॉबर्ट्सन याला हे सगळे आधुनिक मनाचे खेळ वाटले. १९६२ च्या ग्रंथात त्याने म्हटले की मध्ययुगीन काव्य चर्चच्या आचार्यांच्या भाष्यपद्धतीनेच वाचले पाहिजे : वरचे टरफल काढावे, आतला गर खावा, आणि तो गर नेहमी एकच, म्हणजे ईश्वरप्रेमाची स्तुती आणि वासनेचा निषेध. त्याने मध्ययुगीन प्रतिमांचा जो साठा उघड केला तो आजही उपयोगी पडतो. पण प्रत्येक कथेतून एकच बोधवचन निघत असेल तर चॉसरने चोवीस कथा लिहिण्याचा खटाटोप का केला, याचे समाधानकारक उत्तर त्याच्याकडे नव्हते.

या दोघांमधून वाट काढली ती केंब्रिजच्या जिल मॅन हिने (१९७३). समाजातील प्रत्येक वर्गाचे ठरावीक दोष मांडणाऱ्या उपरोधपर रचना त्या काळी रूढ होत्या. चॉसरने त्यांतलीच सामग्री उचलली, पण त्या दोषांमुळे नुकसान झालेली माणसे चित्रातून काढून टाकली. न्यायनिवाड्याचा आधारच गेल्यामुळे वाचक अधांतरी राहतो. या निरीक्षणाइतकी चॉसरच्या कसबाची नस क्वचितच कुणी पकडली असेल.

यात्रेकरूंमधल्या सरदारावरून झालेला वाद सर्वाधिक गाजला. ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी चमूतला नट टेरी जोन्स याने १९८० मध्ये गंजाचे डाग पडलेला जाडाभरडा अंगरखा घातलेला हा ‘आदर्श’ योद्धा भाडोत्री मारेकरी असल्याचे प्रतिपादले. सरदाराच्या मोहिमांत क्रेसी किंवा प्वातिए या फ्रान्समधल्या गाजलेल्या लढायांचे नाव नाही, याकडे बोट दाखवले. इतिहासकार मॉरिस कीन याने स्क्रोप आणि ग्रोव्हनर घराण्यांच्या मानचिन्हाच्या दाव्यातील साक्षी काढून दाखवले की प्रतिष्ठित इंग्रज सरदार प्रशियापर्यंत धर्मयुद्धाला जात असत. १३८६ मध्ये याच दाव्यात चॉसरनेही साक्ष दिली होती.

स्त्रीवादी वाचन : पाच लग्ने केलेली बाथची बाई पाचव्या नवऱ्याच्या ‘दुष्ट बायकां’च्या पोथीची पाने फाडते आणि त्याच्या फटक्याने एका कानाने बहिरी होते. ‘सिंहाचे चित्र काढले कुणी?’ असा तिचा सवाल आहे; सिंहाने काढले असते तर माणूस हरलेला दिसला असता. मात्र तिच्या तोंडची बरीच वाक्ये संत जेरोमच्या स्त्रीद्वेष्ट्या लेखनातून उचललेली आहेत. मग ती बोलते, की जेरोमच तिच्या तोंडून बोलतो? कॅरोलिन डिनशॉ (१९८९) हिने तिच्यात पुरुषी वाचनपद्धतीची नक्कल करून ती आतून उसवणारी स्त्री पाहिली. एलेन टटल हॅन्सन (१९९२) हिला मात्र त्या आवाजात बाईच सापडत नाही.

या वाचनावर एका कागदाची सावली बराच काळ होती. सिसिली शोम्पेन हिने १३८० मध्ये चॉसरला ‘राप्टस’च्या दाव्यातून मुक्त केल्याचा लेख १८७३ मध्ये संशोधक फर्निव्हलने प्रसिद्ध केला. लॅटिन शब्दाचा अर्थ बलात्कार, अपहरण, काहीही होऊ शकत होता. २०२२ मध्ये युअन रॉजर आणि सेबॅस्टियन सोबेकी यांनी नवी कागदपत्रे पुढे आणली. त्यांवरून सिसिलीच्या आधीच्या मालकाने, थॉमस स्टाँडनने, तिने मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल, मजूर कायद्याखाली सिसिली आणि तिला कामावर ठेवणारा चॉसर या दोघांवर मिळून दावा लावल्याचे दिसते. एका शब्दावर रचलेली दीडशे वर्षांची तर्कमाला त्यामुळे बरीच सैल झाली.

कथांची मुळे : चॉसरने बोकाच्चो व पेत्रार्क हे इटालियन लेखक, फ्रेंच काव्य असे पुष्कळांकडून घेतले. भारतीय वाचकाला ओळखीची वाटेल ती पार्डनरची, म्हणजे पापक्षमेची पत्रे विकणाऱ्याची, कथा. तीन उनाडांना सोन्याची रास सापडते, धाकटा गावात जाऊन विष घातलेले मद्य आणतो, दोघे त्याला भोसकतात आणि तेच मद्य पिऊन मरतात. याच कथेचे पाली रूप ‘वेदब्भ जातका’त आहे, तिथे शेवटी उरलेल्या दोन चोरांपैकी एकाच्या हाती तलवार आणि दुसऱ्याच्या हाती विषारी भात. मधला प्रवास तोंडोतोंडी झाला असणार, त्याचा माग पायरीपायरीने लावता येत नाही.

क्षमायाचना : ‘टेल्स’च्या अखेरीस ‘या पुस्तकाचा कर्ता’ ऐहिक रचनांबद्दल ईश्वराची क्षमा मागतो. मरणाच्या भीतीने आलेला हा खरा पश्चात्ताप, की त्या काळचा संकेत, की आणखी एक मुखवटा, यावर एकमत नाही. गंमत अशी की पापाची कबुली देताना तो आपल्या रचनांची नावे एकामागून एक नोंदवत जातो, इतकी काळजीपूर्वक की त्याच्या लेखनाची यादी ठरवताना संशोधक आजही याच परिच्छेदाचा आधार घेतात. त्यात ‘सिंहाचे पुस्तक’ असेही एक नाव आहे. ते पुस्तक आता कुठेच नाही.