वॉबलिंग (जुन्या जीपमधील)

अखंड पुढचा ॲक्सल आणि पाट्यांचे सस्पेन्शन असलेल्या जीपची पुढची चाके एखाद्या वेगाला आपोआप डावी-उजवीकडे फडफडू लागतात आणि स्टेअरिंग हातात धरवत नाही. या दोषाला गॅरेजमध्ये वॉबलिंग म्हणतात, अभियांत्रिकीच्या पुस्तकांत शिमी. विलीज जीप आणि तिच्याच आराखड्यावर महिंद्राने भारतात बनवलेल्या सीजे ३बी, सीजे ५००डी यांसारख्या गाड्यांत हा दोष नेहमी आढळतो. ताशी ५० ते ७० किलोमीटरच्या दरम्यान खड्ड्याचा किंवा पुलाच्या सांध्याचा एक धक्का त्याला पुरतो. एकदा सुरू झाले की वेग बराच खाली आणेपर्यंत ते थांबत नाही.

नुसती थरथर आणि वॉबलिंग यांत गल्लत केल्यामुळे या दोषावर सर्वाधिक पैसा वाया जातो. बॅलन्सिंग बिघडलेल्या चाकामुळे येणारी थरथर वेगाबरोबर हळूहळू वाढते आणि एका वेगापुढे बहुधा कमी होते. वॉबलिंग मात्र अचानक भडकते आणि स्वतःला पोसत राहते.

कारणमीमांसा

पुढचे चाक किंगपिन या उभ्या खिळीभोवती वळते. ते वळले तरी टायरचा बाजूचा जोर लगेच तयार होत नाही, चाक थोडे पुढे सरकल्यावर होतो. या उशिरामुळे प्रत्येक हेलकाव्याला गाडीच्या पुढच्या गतीतून थोडी ऊर्जा मिळते. सामानाच्या ढकलगाडीचे फिरते चाक जोरात ढकलल्यावर फडफडते तो हाच प्रकार. त्यात अखंड ॲक्सलची भर पडते. एक चाक उचलले गेले की सगळा ॲक्सल तिरका होतो आणि फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे ती वळू पाहतात. वळली की ॲक्सल पुन्हा हलतो. अशा दोन हालचाली एकमेकींना ढकलत राहतात.

१९२०च्या दशकात कमी हवेचे रुंद बलून टायर आले आणि मोटारींमध्ये ही तक्रार एकदम वाढली. टायर बाजूला घसरत चालतो ही कल्पना फ्रेंच अभियंता ब्रूलिए याने १९२५ मध्ये शिमीचे विश्लेषण करतानाच मांडली. जनरल मोटर्सने १९३४ च्या गाड्यांत पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र केली, त्यामागे शिमी घालवणे हाही एक हेतू होता. जीप युद्धासाठी बनलेली, साधी आणि दणकट हवी होती, म्हणून तिच्यात अखंड ॲक्सल राहिला.

धडधाकट जीपमध्ये हे हेलकावे जागीच विझतात, कारण किंगपिनच्या बेअरिंगमधला ठरवून ठेवलेला ताठरपणा त्यांची ऊर्जा खातो. हा ताठरपणा गेला किंवा जोडांमध्ये ढिलाई आली की विझवणारे काही उरत नाही. म्हणून निदान करताना ठिणगी आणि कारण वेगळे करावे लागते. वाकडे चाक, टायरचा फुगवटा किंवा खड्डा ही ठिणगी. झिजलेले किंगपिन, ढिला बेल क्रँक (स्टेअरिंगची हालचाल चाकांकडे वळवणारा फिरता आर्म), कमी झालेला कॅस्टर (किंगपिनच्या माथ्याचा मागे असलेला कल) हे कारण. फक्त बॅलन्सिंग करून आणलेली जीप काही दिवस बरी चालते आणि पुढच्या मोठ्या खड्ड्यात पुन्हा फडफडते, ती यामुळेच.

रस्त्यावरची तपासणी

पाना हातात घेण्यापूर्वी मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी चालवून चार गोष्टी टिपाव्यात: थरथर कोणत्या वेगाला सुरू होते, धक्क्यानंतरच होते की सपाट रस्त्यावरही, स्टेअरिंगमध्ये जाणवते की सीट आणि फ्लोअरमध्ये, आणि गिअर न्यूट्रल केल्यावर काय होते. इंजिन चालूच ठेवावे. न्यूट्रलमध्येही तसेच राहिले तर दोष चाकांकडे, स्टेअरिंगकडे किंवा प्रोपेलर शाफ्टकडे (ॲक्सलला ताकद पोचवणारा लांब दांडा) आहे. लगेच थांबले तर इंजिन किंवा क्लचकडे पाहावे.

थरथरीची लय बरेच काही सांगते. ६.००-१६ टायरचा घेर सुमारे २.२ मीटर असतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण साडेसात वेळा फिरते. ही लय हाताला धक्क्यांसारखी जाणवते. विलीज सीजेच्या ५.३८ गुणोत्तराच्या ॲक्सलवर त्याच वेगाला प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला सुमारे ४१ फेरे घेतो. ती गुणगुण असते, फडफड नव्हे. पुढच्या हबला फ्री-व्हीलिंगची (चाक ॲक्सलच्या दांड्यापासून सोडवण्याची) सोय नसेल तर टू-व्हील ड्राइव्हमध्येही पुढचा शाफ्ट फिरत असतो, हे विसरू नये. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग हलत असेल तर पुढचे ड्रम अंडाकृती झाले असण्याची शक्यता जास्त आणि ही नोंद त्याबाबत नाही.

टायर आणि रिम

सुरुवात येथून करावी, कारण यात खर्च जवळपास नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रिमच्या आतल्या बाजूला लाल चिखल साचून वाळतो आणि तेवढ्यानेच बॅलन्स जातो. तो खरवडून धुवावा. दोन्ही पुढच्या टायरची हवा सारखी करावी. महिनोन्‌महिने एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचे नायलॉन टायर खालच्या बाजूने चपटे होतात. टायर गरम होईपर्यंत काही किलोमीटर चालवल्यावर थरथर गेली तर तेच कारण. बाजूच्या भिंतीवरच्या चार अंकी शिक्क्यात टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष असते. फुगवटा आलेला किंवा आतले थर सुटलेला टायर बॅलन्स करून वापरू नये, काढूनच टाकावा.

चाक जॅकवर उचलून टायरजवळ खडू स्थिर धरावा आणि चाक फिरवावे. खडू एकाच ठिकाणी लागत असेल तर चाक डुलते आहे. मग खडू रिमला लावून पाहावा, म्हणजे दोष टायरचा की रिमचा ते कळते. रिमचे डुलणे दीड मिलिमीटरच्या आत असावे. पुढची आणि मागची चाके अदलाबदल केल्यावर थरथर स्टेअरिंगमधून सीटकडे गेली, तर शोध संपला. अदलाबदल करताना एक खबरदारी: जुन्या जीपांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते सैल करायला घड्याळाच्या दिशेने फिरवावे लागतात. हे माहीत नसलेल्या हातांनी कित्येक स्टड मोडले आहेत.

जमिनीवर उभ्या गाडीची तपासणी

लिंकेजची (स्टेअरिंगपासून चाकांपर्यंतच्या दांड्या-जोडांची) ढिलाई चाके हवेत असताना नीट दिसत नाही, भार असतानाच दिसते. गाडी सपाट जागी उभी करून एकाने स्टेअरिंग दोन-तीन इंच डावी-उजवीकडे सतत हलवत राहावे, जोर लावून पण चाके न वळवता. दुसऱ्याने खाली जाऊन एकेका जोडावर तळवा ठेवावा. स्टेअरिंग बॉक्स चासीवर हलतो का, तिथे चासीला तडा आहे का, पिटमन आर्म (बॉक्समधून बाहेर येणारा आर्म) शाफ्टवर सैल आहे का, मग ड्रॅग लिंक (त्या आर्मपासून बेल क्रँकपर्यंतचा दांडा), मग बेल क्रँक, शेवटी टाय रॉडचे (चाके वळवणाऱ्या दांड्याचे) एंड. जोडाच्या एका बाजूला हालचाल येते आणि दुसऱ्या बाजूला उशिरा पोचते, तो जोड गेलेला. डोळ्यांपेक्षा हाताला हे लवकर कळते.

विलीज रचनेत बेल क्रँक सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. चासीच्या पुढच्या क्रॉसमेंबरवरच्या एका खुंट्यावर तो फिरतो. ड्रॅग लिंकने दिलेली हालचाल तो टाय रॉडकडे वळवतो. त्याचे बेअरिंग किंवा बुश पाण्याच्या आणि चिखलाच्या वाटेतच असते. ग्रीस वेळेवर न मारल्यास खुंटा अंडाकृती झिजतो. मग टाय रॉड एंड नवे टाकूनही फरक पडत नाही. क्रँकचे टोक वर-खाली हलवून पाहावे. जाणवण्याइतकी हालचाल असल्यास नुसता बुश न बदलता खुंटाही तपासावा.

चाके उचलून तपासणी

ॲक्सलखाली दोन्ही बाजूंना घोड्या (आधाराचे स्टँड) लावाव्यात, फक्त जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नये. चाक वर आणि खाली धरून हलवावे. प्ले (ढिली हालचाल) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेकने प्ले नाहीसा झाला तर चाकाचे बेअरिंग ढिले आहे, तसाच राहिला तर किंगपिन. चाकाच्या बेअरिंगसाठी चाक फिरवत आतला नट चाक जड होईपर्यंत आवळावा, मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्यावा, लॉक वॉशर आणि बाहेरचा नट बसवावा. छिन्नी-हातोडीने नट फिरवण्याची पद्धत वाईट आहे, मोठा बॉक्स पाना आणावा.

किंगपिन

जीपच्या बंद नकलमध्ये (चाकाला धरून किंगपिनवर वळणाऱ्या भागात) वर आणि खाली एकेक टेपर रोलर बेअरिंग असते आणि टोपीखाली शिम म्हणजे पातळ चकत्या असतात. शिम काढल्या की बेअरिंगवरचा दाब वाढतो. हा दाब म्हणजेच वर सांगितलेला विझवणारा ताठरपणा. चाक हलवून प्ले जाणवत नाही म्हणून किंगपिन ठीक आहे, असे समजणे ही या दोषाच्या निदानातली सर्वांत महागडी चूक आहे. प्ले शून्य असूनही दाब अजिबात नसू शकतो.

तो मोजूनच पाहावा. टाय रॉड सोडवावा, नकलच्या मागचे ऑइल सील मोकळे करावे, आणि नकल आर्मच्या टाय रॉडच्या छिद्रात स्प्रिंगचा काटा अडकवून आर्मशी काटकोनात सावकाश ओढावे. बॅगा तोलण्याचा हातातला काटाही चालतो. नकल फिरत असताना दिसणारा आकडा घ्यावा, सुरुवातीचा झटका नव्हे. विलीज सीजेच्या सेवा पुस्तिकेत तो १२ ते १६ पौंड, म्हणजे सुमारे साडेपाच ते सव्वासात किलो दिला आहे. दोन-तीन किलोला नकल सहज फिरत असेल तर शिम कमी कराव्यात. वर-खाली दोन्हीकडे शिम असल्यास दोन्हीकडून सारख्या जाडीच्या काढाव्यात, नाहीतर नकल मध्यावरून सरकते.

नकल फिरवताना मध्यावर खाच लागल्यासारखे वाटले तर शिमने काम होणार नाही. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे रोलर एकाच जागी आपटून कपामध्ये (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात) रेघा पाडतात. अशा वेळी मध्यावर बेअरिंग ढिले आणि बाजूला घट्ट लागते. कपासकट बेअरिंग बदलावे. दाब प्रमाणाबाहेर वाढवूनही चालत नाही, कारण वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून परत येत नाही आणि बेअरिंग लवकर जाते.

पाटे, कॅस्टर आणि टो-इन

यू-बोल्ट सैल असणे किंवा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटणे यामुळे ॲक्सल पाट्यावर सरकतो. डाव्या आणि उजव्या बाजूला ॲक्सलपासून पुढच्या पाट्याच्या मागच्या पिनपर्यंतचे अंतर मोजून तुलना करावी. शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या) आणि त्यांचे बुश पहारीने हलवून पाहावेत.

विलीज जीपचा कॅस्टर ३ अंश, कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा बाहेरचा कल) दीड अंश आणि किंगपिनचा आतला कल साडेसात अंश असतो. कॅस्टर पाटे बसल्यामुळे बदलतो, आणि उंची वाढवण्याच्या हौसेनेही. या गाड्यांत पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असतात. तिथे लांब शॅकल लावले की ॲक्सलचा माथा पुढे कलतो आणि कॅस्टर घटतो. चाके सरळ राहण्याची ओढ जाते आणि ड्रॅग लिंकचा कोनही बिघडतो. उपाय म्हणून पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर घालतात. ती उलटी बसली तर दोष वाढतो, म्हणून आधी आणि नंतर कोन मोजावा.

टो-इन, म्हणजे चाके पुढच्या बाजूला किंचित जवळ असणे, घरच्या अंगणात मोजता येते. दोन्ही पुढच्या टायरच्या मध्यरेषेवर, पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खूण करून अंतर मोजावे. गाडी पुढे ढकलून चाके अर्धा फेरा फिरवावीत आणि त्याच खुणांमधले अंतर मागून मोजावे. पुढचे अंतर १.२ ते २.४ मिलिमीटर कमी हवे. टाय रॉड लांब-आखूड करण्यापूर्वी बेल क्रँक मध्यावर आणि स्टेअरिंग सरळ असल्याची खात्री करावी. ढिल्या जोडांवर अलाइनमेंट करण्यात अर्थ नाही, आधी जोड, मग टो-इन.

स्टेअरिंग बॉक्स आणि डॅम्पर

रॉस बॉक्सचा (या जीपांतल्या रॉस बनावटीच्या स्टेअरिंग बॉक्सचा) बाजूचा स्क्रू आवळणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा पहिला उपाय आहे. बॉक्सचा प्ले वॉबलिंगला क्वचितच मुळाशी असतो, पण जास्त आवळल्याने कॅम (आतला आट्यांचा भाग) मात्र खराब होतो. जुळवायचेच असेल तर ड्रॅग लिंक सोडवून, स्टेअरिंग बरोबर मध्यावर ठेवून, मध्यातून जाताना हलका अडसर जाणवेल एवढेच आवळावे. स्टेअरिंग डॅम्पर (हेलकावे शोषणारा छोटा शॉकअप) वरचे सगळे झाल्यावर जरूर लावावा. आधी लावला तर तो झिजलेला जोड तुटेपर्यंत लपवून ठेवतो. शॉकअपचेही तेच.

चालताना वॉबलिंग सुरू झाल्यास

स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, अंगठे आऱ्यांच्या आत अडकवू नयेत, झटका बसला तर बोट मोडते. ॲक्सिलरेटर सोडून गाडी हळूहळू मंद होऊ द्यावी. जोरात ब्रेक मारल्यास वजन पुढे येऊन फडफड वाढू शकते. थांबल्यावर टाय रॉडच्या स्प्लिट पिना, चाकांचे नट आणि यू-बोल्ट पाहिल्याशिवाय पुढे निघू नये, कारण एकाच झटक्यात यातले काहीही सुटू शकते. दुरुस्तीनंतरच्या चाचणीत वेग दर वेळी दहा किलोमीटरने वाढवावा. नव्या शिमा आणि यू-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर बसतात, तेव्हा किंगपिनचा दाब पुन्हा काट्यावर मोजावा आणि यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.